डब्यातला फराळ की गरम भजी?

मागच्या महिन्यात ऑफिसात एक साधा प्रश्न निघाला आणि त्यावर दोन मीटिंगा झाल्या. आमच्या प्रॉडक्टचं डॉक्युमेंटेशन, साधारण सहाशे पानं, ज्या टूलने वेबसाइटमध्ये बदललं जातं ते आता फारसं कुणी सांभाळत नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या कुठल्याशा डिपेंडन्सीने मान टाकली, बिल्ड होईना, आणि रिलीज नोट्स गेल्या सोमवारी. मग "नवीन काय घ्यायचं?" जेकिल, ह्यूगो, स्फिंक्स, एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस... प्रत्येकाचा एकेक वकील टीममध्ये आहेच. तुलनेचं एक्सेल करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शनिवारी बसलो आणि दोन दिवस भलतीकडेच गेले, ही सगळी मंडळी मुळात आली कुठून ते वाचण्यात. त्यानंतर एक्सेलचे कॉलमच बदलावे लागले, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी ज्यांचा यांच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वेबचं पान वाचकाला द्यायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे वाचक आला की डेटाबेसमधून मजकूर काढायचा, साच्यात ओतायचा आणि पान वाढायचं. दुसरी म्हणजे सगळी पानं आधीच तयार करून फाइली ठेवून द्यायच्या, कुणी आलं की उचलून द्यायच्या. टपरीवरची गरम भजी आणि दिवाळीचा डब्यातला फराळ, इतकाच फरक. इंग्रजीत याला तळलेलं आणि भाजलेलं असं म्हणतात. (आपल्याकडे डब्यातली चकलीसुद्धा तळलेलीच असते, त्यामुळे त्यांची उपमा इथे गंडते. असो.) दुसऱ्या तऱ्हेचं काम जे करतं ते स्टॅटिक साइट जनरेटर.

हे काहीतरी नवीन फॅड आहे असा माझा समज होता. उलटंच निघालं. १९९१ साली टिम बर्नर्स-लीने सर्नमध्ये पहिली वेबसाइट उभी केली तेव्हा फाइलींशिवाय दुसरं काही नव्हतंच. सीजीआय आलं १९९३ मध्ये, आणि तिथून तळायला सुरुवात झाली. पण ब्लॉगिंगच्या पहिल्या लाटेतली मोठी नावं मात्र भाजणारीच होती. १९९९ सालचं ब्लॉगर तुमची पानं तयार करून एफटीपीने तुमच्याच सर्व्हरवर टाकून द्यायचं. ही सोय पुढे गूगलने २०१० मध्ये बंद केली. ऑक्टोबर २००१ मध्ये बेन आणि मीना ट्रॉट या जोडप्याने मूव्हेबल टाइप काढलं, पर्लमध्ये लिहिलेलं. त्यातलं 'रीबिल्ड' हे बटण ज्यांनी दाबलंय त्यांना त्यानंतरचा चहा आठवत असेल. साइडबारमध्ये एक लिंक बदलली की प्रत्येक पान नव्याने लिहायचं, आणि हे सगळं त्या काळच्या स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर!

याच सुमाराला, जुलै २००२ मध्ये, ॲरन स्वार्ट्झने भाजा, तळू नका अशा अर्थाचं एक टिपण लिहिलं. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मला त्यात आवडलं ते असं की त्याचा मुद्दा वेगाचा नाहीये. डेटाबेस आणि सर्व्हरची नखरेल सॉफ्टवेअरं सांभाळत बसायची नाहीत, मजकूर साध्या फाइलींसारखा कॉपी करून दुसरीकडे नेता आला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. वीस-बावीस वर्षांनी आमच्या मीटिंगमध्ये कुणी हा मुद्दा काढला नाही. आम्ही बिल्डचे सेकंद मोजत होतो.

त्या फेरीत तळणारेच जिंकले. वर्डप्रेस मे २००३ मध्ये आलं, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 'बी टू' नावाच्या जुन्या प्रकल्पातून वेगळं काढलेलं. रीबिल्ड नाही, पाच मिनिटांत इन्स्टॉल, आणि लायसन्स मोकळं. २००४ मध्ये मूव्हेबल टाइपच्या तिसऱ्या आवृत्तीने लायसन्सच्या अटी आणि किमती बदलल्या तेव्हा चिडलेली जनता तिकडे गेली. म्हणजे तंत्राने हरवलं त्यापेक्षा जास्त लायसन्सने हरवलं. (नव्या एक्सेलमधला पहिला कॉलम: लायसन्स कुणाच्या हातात?)

त्याच २००४ मध्ये जॉन ग्रूबरने मार्कडाउन प्रसिद्ध केलं. त्याच्या जडणघडणीत स्वार्ट्झचाही हात होता. गंमत म्हणजे ती पर्ल स्क्रिप्ट मूव्हेबल टाइपमध्ये प्लगइन म्हणूनही चालायची. ते मूव्हेबल टाइप आज किती जणांना आठवतंय? मार्कडाउन मात्र गिटहबपासून चॅटच्या खिडकीपर्यंत सगळीकडे आहे.

आता जेकिल. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, यानं २००८ च्या शरदात ते लिहिलं आणि नोव्हेंबरमध्ये हॅकरसारखं ब्लॉगिंग कसं करावं यावर एक लेख टाकला. कल्पना सोपी. लेख म्हणजे मार्कडाउन फाइली, डोक्यावर वायएएमएलच्या चार ओळी, साचे लिक्विडचे, आणि इतिहास ठेवायला गिट. कोडला लावतो ती सगळी शिस्त मजकुराला लावायची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गिटहब पेजेस आलं. जेकिलचं रेपो ढकललं की साइट तयार, तीही फुकट. माझ्या मते जेकिल पसरलं ते यामुळे. नाहीतर रूबीमध्ये नॅनॉक २००७ पासून होतंच, आणि विंडोजवर रूबी नीट बसवणं हा प्रकार काय असतो हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक :)

जेकिलचा जन्म ब्लॉगसाठी झालाय हे त्याच्या अंगावर दिसतं. फाइलच्या नावात तारीख लागते. मॅन्युअलच्या पानाला कसली आलीये तारीख? ब्लॉगपोस्ट नसलेल्या पानांचे गट करायची नीट सोय, म्हणजे 'कलेक्शन्स', मिळाली २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत.

स्टॅटिक साइट म्हणजे पोरांचा खेळ असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यासाठी दोन अमेरिकन किस्से. २०१२ च्या ओबामांच्या प्रचारात देणग्या गोळा करणारी साइट जेकिलने बनवलेली होती, सीडीएनवर ठेवलेली. त्या व्यवस्थेतून सुमारे २५ कोटी डॉलर जमा झाले. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०१३ रोजी, त्यांच्या सरकारची आरोग्यविम्याची साइट पहिल्याच दिवशी आडवी झाली. जगभर हसं झालं, चौकशा झाल्या. पण तिचा माहिती देणारा दर्शनी भाग जेकिलने तयार केलेला होता आणि तो उभा होता. कोसळलं ते मागचं, खाती उघडणारं आणि पात्रता तपासणारं जाळं. अर्थात तेवढंच सांगून भाजणाऱ्यांनी कॉलर ताठ करू नये. अर्ज भरायला आलेल्या माणसाला नुसतं माहितीपत्रक देऊन भागत नाही.

इथपर्यंतची गोष्ट ब्लॉगवाल्यांची. डॉक्युमेंटेशनवाल्यांचं घराणं वेगळंच आहे, आणि माझा अर्धा रविवार त्यातच गेला.

पायथॉनचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लेटेकमध्ये लिहिलं जायचं आणि त्यातून एचटीएमएल काढलं जायचं. साध्या दुरुस्तीसाठीही लेटेक यायला हवं. गेऑर्ग ब्रँडलने ते सगळं रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणलं आणि त्यासाठी केलेलं टूल २००८ मध्ये 'स्फिंक्स' म्हणून बाहेर आलं. म्हणजे जेकिल आणि स्फिंक्स एकाच वर्षाचे, पण दोघांना पडलेले प्रश्न वेगळे. जेकिलचा प्रश्न 'नवीन लेख टाकायचा कसा?', तर स्फिंक्सचा 'हजार पानांत हे फंक्शन जिथे जिथे आलंय तिथून त्याच्या व्याख्येपर्यंत पोचायचं कसं?' म्हणून स्फिंक्समध्ये क्रॉस-रेफरन्स, सूची, शब्दार्थ, कोडमधल्या टिपा आपोआप उचलणं, एकाच मजकुरातून वेबसाइट आणि पीडीएफ हे पहिल्यापासून आहे. तुम्ही ज्या संज्ञेकडे बोट दाखवलंय ती अस्तित्वातच नसेल तर बिल्ड तसं सांगतो. लिहायला किचकट आहे, मान्य. पण २०१६ मध्ये लिनक्स कर्नलच्या मंडळींनी डॉकबुक सोडून स्फिंक्सच घेतलं, आणि ती माणसं काही थीमचे रंग बघून टूल निवडणारी नव्हेत. २०१० मध्ये रीड द डॉक्स सुरू झालं आणि आवृत्तीवार डॉक्युमेंटेशन फुकट होस्ट व्हायला लागलं. जेकिलला गिटहब पेजेसने दिलं तेच स्फिंक्सला इथून मिळालं.

ह्यूगोबद्दल फार लिहीत नाही. २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सियाने गो भाषेत लिहिलं. एकच बायनरी, दुसरं काही बसवायला नको, आणि वेग अफाट. कुबरनेटीसचं डॉक्युमेंटेशन २०१८ मध्ये जेकिलवरून ह्यूगोवर गेलं. साच्यांची भाषा मात्र मला आजतागायत पाठ झालेली नाही, दरवेळी नव्याने शोधतो.

खरी शिकवणी मिळाली ती गॅट्सबीकडून. काइल मॅथ्यूजचा हा प्रकल्प २०१५ चा. रिॲक्टमध्ये साचे, मजकूर ग्राफक्यूएलने मागवायचा, आणि २०१८ पासून मागे कंपनी. २०२० मध्ये तिने २ कोटी ८० लाख डॉलर उभे केले. एका काळात नव्या साइटसाठी गॅट्सबी सोडून काही सुचवलं तर लोक दयेने बघायचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नेटलिफायने कंपनी विकत घेतली आणि नंतर गती जवळजवळ थांबली. रिॲक्टचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन बघा. आधी जेकिल, २०१७ मध्ये गॅट्सबी, मार्च २०२३ मध्ये नवी साइट नेक्स्टवर. सहा वर्षांत दोनदा बिऱ्हाड हललं. मजकूर मार्कडाउनमध्ये होता म्हणून निदान मजकूर तरी शाबूत. (दुसरा कॉलम: टूल मेलं तर फाइलींमध्ये त्या टूलचं स्वतःचं असं किती उरतं?) या कसोटीवर डॉक्युसॉरसपाशी मी अडखळलो. फेसबुकने २०१७ मध्ये काढलं, आवृत्त्या आणि भाषांतरांची सोय उत्तम. पण मजकुरात रिॲक्टचे कंपोनंट घालायची इतकी छान मुभा आहे की माणूस ते घालतोच.

एमकेडॉक्सवर माझा डोळा होता. टॉम क्रिस्टीचं, २०१४ चं. एक वायएएमएल फाइल आणि मार्कडाउनचं फोल्डर, बस. आमच्या मॅन्युअलचे चाळीसेक भाग मराठीतही आहेत, ग्राहकांच्या दुकानांतल्या ऑपरेटरांसाठी. ते त्यात टाकून पाहिले आणि दोन गमती दिसल्या. प्रत्येक शीर्षकाला लिंकसाठी एक ओळखनाव लागतं. पायथॉन-मार्कडाउन ते बनवताना एएससीआयआय सोडून बाकी सगळं गाळतं. 'पावती छापणे' या शीर्षकाचं काहीच उरत नाही, मग ओळखनावं पडतात अंडरस्कोअर १, अंडरस्कोअर २, अंडरस्कोअर ३. मध्ये एक शीर्षक नवीन घातलं की पुढच्या सगळ्या लिंका एकेक घर सरकतात! दुसरी गंमत शोधाची. त्यामागचं लनर शब्दाच्या दोन्ही टोकांची 'अक्षर नसलेली' चिन्हं छाटतं, आणि अक्षर कशाला म्हणायचं हे जावास्क्रिप्टच्या जुन्या व्याख्येने ठरवतं, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. 'पावती' हा आख्खा शब्दच छाटला जातो. शोधा पावती, मिळते शून्य. दोन्हींवर उपाय आहेत, सेटिंग बदलून होतं. पण हे कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात नव्हतं, आणि ऑपरेटरने फोन केल्यावरच कळलं असतं. त्यात एमकेडॉक्सची जी लोकप्रिय मटेरियल थीम, तिच्या कर्त्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये झेन्सिकल हे नवीन टूल जाहीर केलं आणि जुनी थीम फक्त दुरुस्तीपुरती ठेवली. पुन्हा तोच शुक्रवार कशाला ओढवून घ्या!

तर आम्ही स्फिंक्स घेतलं, मजकूर मार्कडाउनमध्येच ठेवून. मिस्ट नावाच्या पार्सरने ते जमतं. बिल्ड ह्यूगोच्या मानाने संथ आहे आणि त्यावरून मला रोज टोमणे बसतायत. मराठी शीर्षकांना आम्ही ओळखनावं हाताने दिली. आता जुने पत्ते नव्यांकडे वळवायचं काम चालू आहे, कारण ग्राहकांनी छापून भिंतीला लावलेल्या कागदांवर जुनेच पत्ते आहेत. चारशे झाले, दोनशे राहिलेत.