डिझेल, पाणी आणि इशाऱ्याची तार
रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ सालच्या इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने फवारले जाई. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. १९२७ मध्ये बॉशने इंधन-पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल ट्रकचा मार्ग प्रशस्त झाला. मात्र पंपातील केसाहून बारीक फटींना डिझेलमधले पाणी घातक ठरे. पुढे फिल्टरच्या तळाशी पाणी ओळखणारा सेन्सर आला. डिझेलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, पाण्यातून वाहते. एवढेच त्याचे तत्त्व. पण तारांची जोडणी गंजली की पाणी नसतानाही दिवा लागू शकतो, आणि मग चालक खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करू लागतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी फिल्टरमधले पाणी काढून पाहतो. तार मग तपासतो.