रानाचा धनी

जालना जिल्ह्यांत राहून अरण्यावर लिहावें, हें कांहीं वाचकांस विनोदाचें वाटेल. ज्या जिल्ह्याचें वनाच्छादन शेंकडा एकाच्या आसपास आहे, तेथें रानापेक्षां वनखात्याची पाटीच अधिक वेळां दृष्टीस पडते. तथापि अरण्य कोणाचें, हा प्रश्न जेथें तें उरलेलें नाहीं तेथूनच अधिक स्वच्छ दिसतो, असें आम्हांस वाटतें. आणि हवामानाच्या परिषदांतून जगांतील राष्ट्रें अरण्यांविषयीं वर्षानुवर्षें जो खल करीत आलीं आहेत, त्याच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे.

त्याचें एक उत्तर मराठी राज्यनीतींत फार पूर्वीं दिलेलें आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त, म्हणजे सुमारें १७१५ सालच्या ग्रंथांत, आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विचार आला आहे. गलबतांस सागवान लागतें, तें हुजूरच्या परवानगीनें तोडावें. आंबा, फणस हीं झाडेंही कामाचीं, परंतु त्यांस हात लावूं देऊं नये. कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदीं जीर्ण झालेंच, तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बळजोरी करूं नये. हा मजकूर वृक्षप्रेमाचा म्हणून वारंवार सांगितला जातो. आमच्या मतें तो वृक्षप्रेमापेक्षां मालकीचा आहे. राज्याला लढाऊ जहाजांची निकड असतांनाही झाडाला कोणी एक धनी आहे व त्याची राजी घेतली पाहिजे, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. (सगळ्या अंमलदारांनीं ही आज्ञा पाळली असेल, असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं.)

इंग्रजी अमलांत हा धनी कागदावरून नाहींसा झाला. १८६४ सालीं वनखातें स्थापन होऊन ब्रांडिस नांवाचे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे मुख्य झाले. आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास लांकूड हवें होतें. १८७८ च्या कायद्यानें रानांची राखीव, संरक्षित अशी वर्गवारी केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जो हक्क होता त्याची सरकारी मर्जीवरील सवलत बनविली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याच वेळीं हरकत घेतली कीं, खेडुतांस विश्वासांत घेतल्यास रानें अधिक चांगलीं राखतां येतील. सभेचें कोणी ऐकलें नाहीं. पांच वर्षांनीं, १८८३ सालीं, जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगर, दऱ्या व पडीत जमिनी या खात्यानें गिळल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांस चरावयास जागा उरली नाहीं, ही तक्रार त्यांत अत्यंत तिखट शब्दांत आहे. सभा आणि जोतीराव यांचें ज्या थोड्या गोष्टींवर एकमत होतें, त्यांपैकीं ही एक होय. पुढें १९३० सालीं पुसद येथें लोकनायक अणे यांनीं जंगलचा कायदा मोडला, बिळाशीस व चिरनेरास खेडींच्या खेडीं उठलीं, आणि चिरनेरास गोळीबार होऊन माणसें प्राणांस मुकलीं.

आमचा मुलूख तेव्हां निजामाचा. येथें गोष्ट आणखी विलक्षण झाली. १९४७ च्या लढ्यांत स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनीं शिंदीचीं झाडें कुऱ्हाडीनें आडवीं केलीं. कारण शिंदीचें उत्पन्न आबकारीच्या वाटेनें निजामाच्या खजिन्यांत जात असे. झाड राजाचें झालें म्हणजे प्रजेच्या हातांत कुऱ्हाड येते, याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

ही पूर्वपीठिका मनांत ठेवून हवामानाच्या वाटाघाटी पाहाव्या. १९९२ सालीं रिओ येथें जो करार झाला, त्यांत अरण्यें हीं हवेंतील कर्बवायु सांठविणारीं भांडारें मानलीं गेलीं. परंतु १९९७ च्या क्योटो करारापासून पुढें गरीब देशांतील नव्या लागवडीसच काय ती किंमत मिळाली. उभें रान राखल्याचें मोल शून्य. २००५ सालीं पापुआ न्यू गिनी व कोस्टा रिका यांनीं रान तुटूं न देण्याचाही मोबदला मिळावा, अशी मागणी केली. भारताचें म्हणणें असें पडलें कीं, तोडणाऱ्यास थांबल्याबद्दल बक्षीस आणि राखणाऱ्यास व वाढविणाऱ्यास कांहीं नाहीं, हा न्याय नव्हे. २००७ च्या बाली परिषदेंत या म्हणण्यास जागा मिळाली.

मात्र पैशाचा प्रश्न निघाला कीं मालकीचा निघतोच. टनावारी कर्ब मोजून रानाला पैसा मिळणार, तर तो घ्यावयाचा कोणी? जगांतील आदिवासींच्या प्रतिनिधींनीं ही शंका लावून धरली, आणि डिसेंबर २०१० मध्यें मेक्सिकोंतील कानकून येथें झालेल्या ठरावांत स्थानिक समाजांच्या ज्ञानाचा व हक्कांचा आदर आणि त्यांचा पूर्ण सहभाग हीं पथ्यें लिहिलीं गेलीं. अमात्यांनीं ज्याला धन्याची राजी म्हटलें, तिच्या जवळपास जग तीन शतकांनीं आलें. जवळपासच, कारण या पथ्यांस उत्तेजन व पाठिंबा द्यावा, इतकेंच तेथें म्हटलें आहे.

कानकूनला भारताची बाजू मांडणारे पर्यावरणमंत्री जयराम रमेश चारच महिन्यांनीं, २७ एप्रिल २०११ रोजीं, गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड खेड्यांत आले. या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला होता. परंतु गांवानें बांबू विकावयास काढला, तेव्हां वनखात्यानें वाहतुकीचा परवाना अडविला. बांबू हें झाड कीं गवत, असा वाद ! वनस्पतिशास्त्र त्यास गवत म्हणतें, १९२७ चा कायदा २०१७ पर्यंत झाड म्हणत असे, आणि नवा कायदा त्याला गौण वनोपजांत स्पष्टपणें घालतो. त्या दिवशीं मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार, ही घोषणा हें गांव पुष्कळ वर्षें देत होतें. तिला त्या दिवशीं एक शिक्क्याचा कागद मिळाला. जागतिक ठरावांचें वजन आम्ही असल्या पुस्तकावरून करतों.

आतां पुन्हां आमच्या जिल्ह्याकडे. २०१५ च्या पॅरिस करारासाठीं भारतानें २०३० पर्यंत झाडें वाढवून २५० ते ३०० कोटी टन कर्बवायु अधिक सांठविण्याचें वचन दिलें. हीं झाडें कोठें तरी लावावीं लागणार; आणि जेथें रान नाहीं, तेथें सरकारी नजरेस रिकामी दिसणारी जमीन म्हणजे गायरान. प्रत्यक्षांत त्यावर शेळ्या चारणारीं व दोन पायल्या ज्वारी काढणारीं भूमिहीन कुटुंबें, त्यांत बहुतेक दलित व भटके, पोट भरीत असतात. यांच्यासाठीं १९५९ व १९६४ सालीं दादासाहेब गायकवाडांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाले. वनहक्क कायदा वनजमिनीपुरता असल्यानें साध्या गायरानास तो लागत नाहीं. जेथें लागतो, तेथेंही आदिवासी नसलेल्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वींच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास दाखवावयाचा असतो. हिशेब केला तर तो १९३० पर्यंत मागें जातो. तेव्हां येथें निजामाचा अंमल होता आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. नियमांत वृद्धांची जबानी पुरावा म्हणून मान्य आहे खरी. परंतु १९३० सालीं या माळांवर गुरें वळणारा दहा वर्षांचा पोर आज हयात असलाच, तर शंभरी ओलांडून गेलेला असेल.