गोल्ड स्टार: बर्मिंगहॅमचं नाव, मुंबईची मालकी

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला बाइकचं कौतुक वेगळं सांगायला नको. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, आणि इंजिनाला हात लावलेलं कुणीतरी आपल्याकडे जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतं. आजचा किस्सा मात्र दूरच्या गाडीचा, बीएसए गोल्ड स्टारचा. गाडी मूळची बर्मिंगहॅमची, पण हे नाव २०१६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजंड्सने घेतलं, सुमारे २८ कोटींना. नाव घेता येतं हो. पण ते आलं कुठून?

लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा सिमेंटचा ट्रॅक होता, वळणावर भिंतीसारखा वर चढणारा. तिथे शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारली की रायडरला सोनेरी ताऱ्याचा छोटासा बिल्ला मिळायचा. ३० जून १९३७ ला वॉल हँडली बीएसएची ५०० सीसीची एम्पायर स्टार घेऊन उतरला. टाकीत पेट्रोल नाही, अल्कोहोलचं इंधन. तो शर्यत तर जिंकलाच, पण त्याची सर्वात वेगवान फेरी पडली १०७.५७ मैलांची, म्हणजे ताशी १७३ किमी. बिल्ला मिळाला माणसाला, पण कंपनी हुशार. पुढच्याच वर्षी तिने त्याच नावाची गाडी बाजारात आणली!

मग महायुद्ध. बीएसए म्हणजे मुळात बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका बनवणारी कंपनी. त्यामुळे नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब थेट कारखान्यावर पडले आणि ५३ कामगार गेले. बाइकच्या गप्पांमध्ये हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

युद्धानंतरची गोल्ड स्टार ही खरी दंतकथा. प्रत्येक इंजिन टेस्ट बेंचवर चालवून बघायचे आणि त्याने किती ताकद दिली त्याचं सर्टिफिकेट गाडीसोबत द्यायचे. साधा नोकरदार ती विकत घ्यायचा, आठवडाभर कामावर न्यायचा आणि रविवारी हेडलाइट काढून तीच शर्यतीत पळवायचा. आइल ऑफ मॅनच्या क्लबमन्स टीटीत तर तिने एवढा धुमाकूळ घातला की बाकीच्या कंपन्यांना काही मजाच उरली नाही. १९५६ मध्ये बर्नार्ड कॉडने तिच्यावर ३५० आणि ५०० सीसी, दोन्ही शर्यती जिंकल्या.

त्याच वर्षी डीबीडी३४ आली. ५०० सीसी, एकच सिलिंडर, साधारण ४० हॉर्सपॉवर, वेग ताशी १७५ किमीच्या आसपास. पण गावात चालवायला वैताग! रेसिंगच्या गिअरबॉक्समुळे पहिलाच गिअर ९५ किमीपर्यंत जायचा. म्हणजे बघा, क्रांती चौकातून जालना रोडला लागलात तर सिडकोपर्यंत दुसरा गिअर टाकायची वेळच येणार नाही, क्लच मात्र धूर काढेल. त्यात रेसिंगचा कार्ब्युरेटर, सिग्नलला थांबलात की गाडी बंद. मग मारा किक.

१९६३ ला उत्पादन थांबलं आणि दहा वर्षांत बीएसएचाच गाशा गुंडाळला गेला.

नवी गोल्ड स्टार भारतात आली १५ ऑगस्ट २०२४ ला. तारीख काय निवडलीय! बनते मध्य प्रदेशात, पिथमपूरला. ६५२ सीसी, ४५ हॉर्सपॉवर, बटण दाबलं की सुरू, २०२४ मध्ये आली तेव्हा सुरुवातीची किंमत जवळपास ३ लाख होती. हिशेब करा: दीडशे सीसी जास्त, आणि ताकद जुनीपेक्षा जेमतेम वरचढ. मला ती गाडी म्हणून छान वाटते, रुबाबदार, सिग्नलला शहाण्यासारखी उभी राहणारी. पण ती शर्यतीतून आलेली नाही, आणि टाकीवरचं नाव वाचताना एवढं माहीत असावं असं माझं म्हणणं.

आणि आज कुणाला तो मूळ बिल्ला मिळवायचाच असेल तरी सोय नाही. ब्रुकलँड्सवर शेवटची शर्यत ऑगस्ट १९३९ मध्ये झाली. युद्धात ट्रॅक विमानांच्या कामाला गेला आणि पुन्हा शर्यतींसाठी उघडलाच नाही.