सगळेच पापी, तर गुन्हेगार कोण?

वस्तीत काम करताना आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. प्रार्थनासभेला जाऊन आलेली एखादी ताई विचारते, "दादा, पास्टर म्हणतात माणूस जन्मतःच पापी असतो. माझं सहा महिन्यांचं लेकरू कसं काय पापी?" अशा वेळी आपले काही कार्यकर्ते 'सगळं थोतांड आहे' एवढं बोलून मोकळे होतात. हे आम्हाला पटत नाही. बाबासाहेबांनी कोणताही धर्म न वाचता नाकारला नाही. आणि गंमत अशी की त्या ताईचा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी खुद्द ख्रिस्ती माणसांनीच विचारला होता. त्यावर सभा भरल्या, माणसं हद्दपार झाली.

गोष्ट पाचव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. इ.स. 410 मध्ये व्हिसिगॉथ टोळ्यांनी रोम लुटले. त्या धामधुमीत रोममधून बाहेर पडलेल्यांमध्ये पेलाजियस नावाचा ब्रिटनहून आलेला एक साधक होता. त्याचे म्हणणे साधे होते. देवाने माणसाला चांगले वागण्याची आज्ञा दिली आहे, म्हणजे चांगले वागण्याची ताकदही दिली आहे. जे जमणारच नाही ते करायला न्यायी देव सांगेल कसा? आदामाने पाप केले ते त्याचे. त्याने वाईट उदाहरण घालून दिले, पण त्याचा दोष जन्मलेल्या बाळाच्या माथी मारता येत नाही.

समोर होता ऑगस्टिन, आजच्या अल्जेरियातील हिप्पो या शहराचा बिशप. त्याचे उत्तर असे: आदामात सगळी मानवजात पडली. माणसाची इच्छाशक्तीच बिघडली आहे, त्यामुळे तो स्वतःच्या बळावर चांगले निवडूच शकत नाही. देवाची कृपा आधी यावी लागते. ती कमावता येत नाही, देव देईल त्याला मिळते. बाप्तिस्म्याशिवाय मेलेले बाळसुद्धा शिक्षेतून सुटत नाही, मग ती शिक्षा कितीही सौम्य असो. या मांडणीचा मोठा आधार होता पौलाच्या रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाचे बारावे वचन. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा लागतो. ऑगस्टिनच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात तो 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले' असा लागत होता. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चने वारशाने येणारा दोष ऑगस्टिनच्या अर्थाने कधी स्वीकारला नाही.

निकाल मात्र केवळ युक्तिवादाने लागला नाही. 418 मध्ये सम्राट होनोरियसने पेलाजियसच्या मताच्या लोकांना रोममधून हद्दपार करण्याचा हुकूम काढला आणि त्याच वेळी कार्थेजच्या धर्मसभेने ते मत पाखंड ठरवले. 431 मध्ये इफिससच्या धर्मसभेनेही त्यांना दोषी धरले. याच गोटातून श्रीमंतीवर एक पुस्तिका निघाली होती. मोजक्यांकडे जास्त आहे म्हणून बाकीचे गरीब आहेत, असा तिचा रोख होता. 'तू बदलू शकतोस' म्हणणारे लोक 'मग ही व्यवस्था का बदलत नाही' असेही विचारू लागतात, हे इथे लक्षात ठेवावे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मूळ पाप म्हणजे आपल्याकडचे पूर्वजन्मीचे कर्म नव्हे. कर्मसिद्धांत म्हणतो, ब्राह्मणाचे पुण्य जास्त आणि अस्पृश्याचे पाप जास्त, म्हणून जो तो आपल्या जागी. ऑगस्टिनच्या हिशेबात सम्राट आणि गुलाम सारखेच पापी, आणि कृपेला जन्म, पैसा, मान काही चालत नाही. यात समतेचे बीज आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण बीज असणे वेगळे आणि ते जमिनीत पेरणे वेगळे. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीवर हल्ला केला. कृपा विकत मिळत नाही, ती श्रद्धेनेच मिळते, असे त्याने ठणकावले. जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी हे ऐकले आणि सरळ निष्कर्ष काढला. 1525 मध्ये मेमिंगेन येथे त्यांनी बारा कलमे लिहिली. त्यातले एक कलम असे होते की ख्रिस्ताने आपले रक्त सांडून मेंढपाळापासून राजापर्यंत सगळ्यांना सोडवले, मग आम्ही सरदारांचे भूदास कसे? ल्यूथरचे उत्तर होते की ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, ते ऐहिक व्यवहाराला लावू नका. बंड पेटल्यावर त्याने शेतकऱ्यांना चिरडून टाका असेही लिहिले. त्या वर्षी हजारो शेतकरी मारले गेले. कृपा सर्वांना सारखी आणि जमीन मात्र सरदाराची!

नेमक्या याच जागी बाबासाहेबांनी बोट ठेवले. 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांचे लेखन आहे, ते प्रत्येकाने वाचावे. त्यांचा मुद्दा असा की अस्पृश्याची अवनती चुकीच्या सामाजिक आणि धार्मिक परिस्थितीमुळे झाली. त्याला जर शिकवले की तुझ्या पडण्याचे कारण तुझेच पाप आहे, तर तो परिस्थितीवर हल्ला करणार नाही, क्षमा मागत बसेल. समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर रचनेचा दोष व्यक्तीच्या खात्यावर टाकला जातो. पाणवठ्यावर ज्याला अडवले तोही पापी आणि ज्याने अडवले तोही पापी, असे म्हटले की अडवणारा सुटतो.

ख्रिस्ती विचारवंतांनी हे ओळखले नाही असे नाही. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी 1971 मध्ये मुक्तीचे धर्मशास्त्र मांडताना अन्यायी रचनेलाच पाप म्हटले. आपल्याकडे 1980 च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधून दलित धर्मशास्त्राची मांडणी सुरू केली. हे लोक आपले वैचारिक सोबती आहेत. चर्चमधील जातिभेदाशी झुंजणारा दलित ख्रिस्ती बांधव तर आपला रक्ताचाच आहे.

शेवटी प्रश्न आपल्याकडे वळतो. बुद्धाने स्वतःला मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटले, हा फरक बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मुद्दाम ठळक केला. आम्ही काय करतो? 'बाबांच्या कृपेने सगळं मिळालं' म्हणतो, जयंतीला हार घालतो आणि वस्तीतली शाळा गळाली तरी गप्प बसतो. व्यसनात अडकलेल्या भावाला दोष देतो, पण त्याचा रोजगार कुणी घेतला हे विचारत नाही. तारणारा बदलला, तारून घेण्याची सवय तीच राहिली.

म्हणून त्या ताईला आम्ही एवढेच सांगतो: ताई, तुझं लेकरू पापी नाही. पण ज्या वस्तीत ते वाढणार आहे तिथे पाणी दिवसाआड येतं, ते कुणामुळे, हे आपण मिळून शोधू.

जयभीम!