रास उठण्याआधी

पैठण रस्त्यावर बिडकीनला तुम्ही एसटीतून उतरता. एका अंगाला औद्योगिक नगरीचे रुंद रस्ते, कुंपणं, कंपन्यांचे फलक. ते डोळ्यांआड करा. साल १९४८, फाल्गुन सरत आलाय आणि तुम्ही गावाबाहेरच्या एका खळ्यावर उभे आहात.

ज्वारी उफणून झाली आहे. म्हातारा राशीभोवती राखेची रेघ ओढतो, हळदकुंकू वाहतो. माप घ्यायच्या आधी कुणी बोलत नाही, अशी रीत. तेवढ्यात बांधावरून पटवारी येतो, मागं गिरदावर. लेव्ही! हैदराबादच्या निजाम सरकारला किती धान्य घालायचं ते वहीत आधीच मांडलेलं आहे.

“बियाणं तरी राहू द्या.”

“माझ्या हातात काय हाय, तात्या? वरचा हुकूम हाय.”

रात्री तुम्ही त्याच घरी मुक्कामाला. सून कंदिलाची वात बारीक करते. उरलेली ज्वारी अंगणातल्या पेवात उतरवून तोंड शेणामातीनं लिंपलं जातं, वर कडब्याच्या पेंढ्या. स्वतः पिकवलेलं धान्य चोरासारखं लपवणारे हात तुम्हाला दिसतात. हक्क जातो म्हणजे नेमकं काय जातं, हे मला या लिंपणाऱ्या हातांइतकं कशातूनच समजलेलं नाही.

लेव्हीचा भाव बाजाराहून कमी आणि मिळतो तो संस्थानचा हाली रुपया. सात हाली म्हणजे भारताचे सहा कलदार. त्यातही १९४७ च्या अखेरीस निजामानं वटहुकूम काढून भारताचं चलन संस्थानात अवैध ठरवलं. माल गोदावरीपलीकडं नगर जिल्ह्यात न्यायचा तर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आडवा. पोराला पुढं शिकवायचं तर उर्दूत. सभा घ्यायची तर आधी परवानगी. भारतानं केलेल्या नाकेबंदीनं औषधं, मीठ, पेट्रोल दुर्मीळ झालेलं, तेही याच घराला भोगायचं. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं माणसं रातोरात नदी ओलांडून जातात.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरतात. दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद शरण येतं, १७ तारखेला निजाम. गावोगाव तिरंगा. तुमच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते खरं आहे.

पण इथून लगेच परत येऊ नका. आणखी काही आठवडे थांबा. आता हैदराबादेत लष्करी गव्हर्नर आहेत, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. याच राजवटीत १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, ते मोठं काम. पण त्याआधी, या लष्करी कारवाईच्या, म्हणजे पोलीस अॅक्शनच्या, दिवसांत आणि नंतर, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मुसलमानांची घरं लुटली गेली, माणसं मारली गेली. त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. भारत सरकारनं चौकशीला पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. हे आपण मोकळेपणानं सांगत नाही, आणि सांगायला हवं.

हे खळं आठवलं की मला आजचं पॅलेस्टाईन आठवतं. निजामाचं संस्थान आणि पॅलेस्टाईन एक नव्हे. तिथं १९६७ पासून परक्या सैन्याचा ताबा आहे, आणि तीन पिढ्यांनी दुसरं काही पाहिलेलं नाही. तरीही त्या खळ्यावरून तिथलं दुःख ओळखू येतं. वेस्ट बँकेतला शेतकरी भिंतीपलीकडच्या आपल्याच जैतुनांपर्यंत जायला परवाना मागतो. त्याच्या खिशात शेकेल, कारण स्वतःचं चलन नाही. १९९४ च्या पॅरिस करारानुसार त्याच्या आयात मालावरची जकात इस्रायल गोळा करतं, आणि पॅलेस्टिनी प्रशासनाला द्यायचा तो पैसा अनेकदा अडवून धरतं. गाझाची नाकेबंदी २००७ पासूनची. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हा ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं. ताबा उठला नाही.

आता परत या. बिडकीनच्या फाट्यावर चहा घ्या आणि नव्वदीकडं झुकलेलं कुणी भेटलं तर पेवाबद्दल विचारा. एका घरी विचारून थांबू नका. हिंदू आळीत विचारा, मग मुसलमान मोहल्ल्यातही जा. अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत.