ड्रोनचा डोळा आणि मोर्चाचा इतिहास

१/८
९ ऑगस्ट २०१६, क्रांतिदिन. आपल्या शहरातील, तेव्हाच्या औरंगाबादमधील, क्रांती चौकातून एकही घोषणा न देता विराट मोर्चा निघाला. कोपर्डीच्या घटनेनंतरचा हा पहिला मराठा मूक मोर्चा. पुढे राज्यभर असे मोर्चे निघाले आणि त्यांची ड्रोनने टिपलेली दृश्ये घरोघरी पोहोचली.

२/८
घोषणाच नसतील, तर वार्ताहराने टिपायचे काय? मूक मोर्चा बोलतो तो आपल्या व्याप्तीतून, आणि ती व्याप्ती उंचावरूनच नजरेत मावते.

३/८
ही ओढ जुनी आहे. १८५८ साली फ्रेंच छायाचित्रकार नादार याने पॅरिसजवळ बलूनमधून छायाचित्र घेतले. १९०६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले सॅन फ्रान्सिस्को जॉर्ज लॉरेन्स याने पतंगांना बांधलेल्या कॅमेऱ्याने टिपले. माणूस जमिनीवर, कॅमेरा आकाशात!

४/८
भारतात मात्र ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवण्यास मनाई केली होती. पहिली नियमावली लागू झाली ती १ डिसेंबर २०१८ रोजी. म्हणजे २०१६ चे मोर्चे ऐन मनाईच्या काळातले.

५/८
२०२१ च्या ड्रोन नियमांनी वाट मोकळी केली. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. परंतु राज्य शासन एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र ठरवू शकते. सुरक्षेसाठी तरतूद योग्यच. पण मोर्चा ज्या शासनाकडे दाद मागतो, त्याच्याच हाती वरच्या आकाशाची किल्ली राहते.

६/८
ही शंका निराधार नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील फर्ग्युसन येथे निदर्शने सुरू असताना आकाश बंद केले गेले. कारण सुरक्षेचे सांगितले. वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टर दूर ठेवणे हा हेतू नंतर ध्वनिमुद्रणांतून उघड झाला.

७/८
उंचीलाही मर्यादा आहेच. मार्च २०१८ च्या नाशिक-मुंबई किसान लाँग मार्चमध्ये वरून लाल टोप्यांचा प्रवाह दिसला. पण मुंबईकरांना हेलावले ते सोललेल्या तळपायांच्या छायाचित्रांनी. ती टिपायला छायाचित्रकाराला जमिनीशी वाकावे लागले.

८/८
म्हणून ड्रोनदृश्य बखरीसारखेच तपासून वाचावे. ते कोणी टिपले, कोणाच्या परवानगीने, कोणासाठी? चौकटीबाहेर काय राहिले? गर्दीची विशालता त्यातून सिद्ध होईल. गर्दीतल्या माणसाचे दुःख मात्र त्याच्याजवळ जाऊनच विचारावे लागेल.