कंद, डोळा आणि नाव : डेलियाच्या इतिहासाचा एक भाषिक विचार

परसबागेत प्रथमच डेलिया लावणाऱ्याच्या हातून बहुधा एकच चूक घडते, आणि ती प्रस्तुत लेखकाच्याही हातून घडली. एका स्नेह्याने दिलेल्या कंदांच्या घोसातून सर्वांत टपोरा कंद मोडून घेतला, बटाट्याप्रमाणे त्याला डोळे फुटतील या विश्वासाने तो कुंडीत पुरला आणि महिन्याभराने माती उकरली तेव्हा हाती कुजका लगदा आला. या चुकीचे मूळ शोधू जाता ते ‘कंद’ या शब्दाशी जाऊन पोहोचते. डेलियाचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्याला दिलेल्या नावांचा इतिहास आहे. आणि त्यांपैकी कोणते नाव वस्तूविषयी काही सांगते व कोणते सांगत नाही, हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

मराठीत ‘कंद’ हा शब्द स्वयंपाकघरात व उपवासाच्या फराळात रूढ झालेला आहे. जमिनीखाली वाढणाऱ्या मांसल भागाला आपण सरसकट हे नाव देतो. त्याची रचना कशी आहे याची चौकशी तो शब्द करीत नाही. बटाटा हे वस्तुतः जमिनीखालचे खोड असल्यामुळे त्याच्या अंगावर डोळे असतात व डोळा असलेली फोड रुजते. रताळे हे मूळ आहे. परंतु त्या मुळालाच नवे कोंब फुटू शकतात. डेलियाचा कंद हेही मूळच. मात्र त्याच्या अंगावर डोळा नसतो आणि मागाहून तो उत्पन्नही होत नाही. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडख्याशी, जेथे मूळ खोडाला जोडलेले असते त्या सांध्यावर. बुडख्याचा अंश नसलेला डेलियाचा कंद कितीही पुष्ट असला, तरी तो इन्युलिन नामक पिष्टसदृश द्रव्याचे केवळ कोठार होय. तो काही काळ मुळे धरील, पण त्याला अंकुर फुटणार नाही.

हे तिन्ही ‘कंद’ मूळचे अमेरिका खंडातील आहेत, आणि त्यांची मराठी नावे मोठी बोधप्रद आहेत. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. परंतु कॅरिबियन बेटांवरील तायनो भाषेतील मूळ शब्द रताळ्याचा वाचक होता. ‘रताळे’ हा शब्द संस्कृत ‘रक्तालु’शी जोडला जातो, आणि गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे आजही आपण ज्याला कोनफळ म्हणतो तो कंद. अर्थात परदेशी रताळ्याला देशी कंदाचे जुने नाव मिळाले व रताळ्याचे स्वतःचे नाव बटाट्याकडे गेले. नवी वस्तू आली की भाषा तिला जवळच्या ओळखीच्या वस्तूशेजारी बसविते. त्यात सोय असते, तशी फसगतही असते.

डेलियाची जन्मभूमी मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ प्रदेश. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को हेर्नांदेस हा 1571 ते 1577 या काळात मेक्सिकोतील वनस्पतींची नोंद करीत होता. त्याने स्थानिकांना विचारून नाहुआत्ल भाषेतील नावे टिपून घेतली, ही त्याची मोठी कामगिरी होय. त्याची मूळ हस्तलिखिते 1671 मध्ये एस्कोरिआल येथील आगीत नष्ट झाली. परंतु त्या सामग्रीवर आधारलेला ग्रंथ 1651 मध्येच रोम येथे छापून झाला होता. या परंपरेत डेलियावर्गीय वनस्पतींसाठी ‘आकोकोत्ली’ व ‘कोकोशोचित्ल’ अशी नावे आढळतात. ‘आत्ल’ म्हणजे पाणी, ‘कोकोत्ली’ म्हणजे नळी अथवा घसा, ‘शोचित्ल’ म्हणजे फूल. तेव्हा एक नाव ‘पाण्याची नळी’ असे सांगते, तर दुसरे ‘नळीचे फूल’ असे. दोन्ही नावांची दृष्टी पोकळ खोडावर खिळलेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

1789 मध्ये मेक्सिको शहरातील वनस्पतिउद्यानाचे विसेंते सेर्वांतेस यांच्याकडून ही वनस्पती माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचली. तेथील आबे कावानियेस यांनी 1791 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून ‘डाहलिया पिन्नाटा’ हे नाव दिले. लिनेअसचा स्वीडिश शिष्य आंद्रेआस डाल याच्या स्मरणार्थ हे नामकरण झाले. डाल 1789 मध्येच निवर्तला होता. आपले नाव या फुलाला मिळाले हे त्याला कळणे शक्यच नव्हते. कावानियेस यांच्या ग्रंथातील चित्रात पाकळ्यांची एकाहून अधिक वलये दिसतात. रानटी जातींत पाकळ्यांचे एकच वलय असते. यावरून युरोपने ‘शोधलेले’ हे फूल आधीच मेक्सिकोतील माळ्यांच्या हाताखालून गेले होते, असे अनुमान करण्यास प्रत्यवाय नाही. त्या माळ्यांचे स्मरण मात्र शास्त्रीय नावात उरले नाही.

पुढे 1803 मध्ये विल्डेनो या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, ‘डाहलिया’ हे नाव दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेले आहे असे मानून, सेंट पीटर्सबर्गच्या गेओर्गीवरून ‘गेओर्गिना’ हे नाव सुचविले. अग्रक्रमाच्या नियमाने ते टिकले नाही. 1791 चे नावच ग्राह्य ठरले. परंतु भाषा नियमांना बांधलेली नसते. रशियनमध्ये हे फूल आजही ‘गेओर्गीन’च आहे.

आपला ‘डेलिया’ कोठून आला, याचे उत्तर त्याच्या पहिल्या स्वरात आहे. स्वीडिश आडनाव ‘डाल’, स्पॅनिश उच्चार ‘दालिया’. इंग्लंडातील उच्चार मात्र ‘डेलिया’. मराठीतील एकार ब्रिटिश तोंडातून आलेला आहे. 1804 मध्ये लेडी हॉलंड यांनी माद्रिदहून बी पाठविले व लंडनच्या हॉलंड हाउसमध्ये या फुलाची लागवड झाली. इंग्लंडमधील त्याच्या प्रसाराचा हा एक ठळक टप्पा मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे या फुलाचे वेडच लागले. बटाटा पोर्तुगीज शब्द घेऊन आला, डेलिया इंग्रजी उच्चार घेऊन; शब्दाच्या ध्वनीत त्याचा प्रवासमार्ग असा उमटून राहतो.

या इतिहासात बी व कंद यांची कार्ये भिन्न आहेत. डेलियाच्या बियांपासून आईबापांसारखे फूल येईलच असे नाही. नवे वाण त्यातूनच निघतात. कंद मात्र आपले फूल जसेच्या तसे पुढे नेतो. 1872 मध्ये मेक्सिकोहून हॉलंडमध्ये व्हान डेर बर्ग यांच्याकडे कंदांची एक पेटी गेली. वाटेत कुजून त्यांतील एकच कंद जगला, असे वृत्त आहे. त्याला टोकदार, गुंडाळलेल्या पाकळ्यांचे लाल फूल आले. मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्यावरून त्याला नाव मिळाले, आणि निवडुंगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेलियांची परंपरा त्यापासून सुरू झाली. 1963 मध्ये मेक्सिकोने डेलियाला राष्ट्रीय पुष्प म्हणून घोषित केले.

आता पुन्हा परसबागेकडे वळू. आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, निचऱ्याच्या मातीत कंद लावावा. हिवाळ्यात फुले येतात. घोस विभागताना धारदार सुरीने प्रत्येक भागास बुडख्याचा डोळा असलेला अंश ठेवावा. फुलोरा संपून झाड वाळले की खोड वीतभर राखून कापावे, घोस उकरून काढावा, आणि काही दिवस खोडाचे टोक खाली करून ठेवून मगच कोरड्या वाळूत साठवावा. असे उलटे ठेवण्याचे कारण साधे आहे. खोड पोकळ असते. त्यात साचलेले पाणी बुडख्यापर्यंत उतरते आणि जेथे डोळे असतात तो सांधाच कुजवून टाकते.

ही गोष्ट ‘कंद’ या शब्दाने सांगितली नाही, ‘डेलिया’ने नाही, ‘गेओर्गिना’नेही नाही. सोळाव्या शतकात एका वैद्याने ज्यांच्याकडून नावे टिपून घेतली, त्या लोकांच्या भाषेत ती ‘पाण्याची नळी’ या दोन शब्दांत उघड होती. त्यांना साठवणीचा हा नियम अभिप्रेत होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्यांचे नाव वस्तूकडे पाहून ठेवलेले होते, एवढे निश्चित. शास्त्रीय नामकरणाने जगाला एक सामायिक खूण दिली, हे तिचे उपकार मान्य करूनही, तिच्याखाली जी पाहणारी नावे बुजली, ती उकरून काढणे हे भाषाभ्यासकाचे काम होय. ते काम झाले असते, तर निदान एक कंद कुजण्यापासून वाचला असता.